हिवाळ्यात नदीवर स्टीलहेड गरवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की माझ्या फोनवर एकाच चालीचे निरोप यायला लागतात: यंदा स्टीलहेड मासा गरवायचाय, काय करू? रेडमंड, बॉथेल, टकोमा, पोर्टलंड, सगळे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातले. कुणी नवा रॉड घेतलेला असतो, कुणी ऑफिसातल्या माणसाचा माशासोबतचा फोटो बघून पेटलेला असतो. मी मूळचा चिपळूणचा, वाशिष्ठीच्या काठावर गरी टाकत वाढलेला, आणि आता चौदा हिवाळे वॉशिंग्टन राज्यातल्या नद्यांवर भिजतोय. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत पाठवण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलीत. ती मुख्यतः ऑलिंपिक द्वीपकल्प आणि सिएटलजवळच्या नद्यांना धरून आहेत. पंचमहासरोवरांकडच्या मंडळींनी प्रश्न १८ आधी वाचावा. नियमांबद्दल जे लिहिलंय ते निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर पडताळायचंच.

१. स्टीलहेड हा सामन की ट्राउट? आणि आपला रावस तो हाच का?

रावस नव्हे. मुंबईत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात म्हणून हा घोळ होतो. रावस किनाऱ्याचा आणि खाडीचा मासा, वेगळ्याच कुळातला. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउट, फक्त समुद्र बघून आलेला. एकाच नदीत जन्मलेल्या पिल्लांपैकी काही जन्मभर तिथेच राहतात आणि हातभर रेनबो होतात. काही एक-दोन वर्षांनी समुद्रात जातात, तिथे दोन-तीन वर्षं खाऊन-पिऊन दांडगी होतात आणि अंडी घालायला परत येतात. ते स्टीलहेड. शास्त्रज्ञांनी १९८९मध्ये या जातीला जुन्या साल्मो प्रजातीतून काढून पॅसिफिक सामनच्या ऑन्कोरिंकस प्रजातीत घातलं, त्यामुळे काठावर या विषयावर वाद झाला तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या. मोठा फरक असा की पॅसिफिक सामन अंडी घातल्यावर मरतो, स्टीलहेड मरेलच असं नाही. काही वाळलेल्या अंगाने पुन्हा समुद्राकडे निघतात (प्रश्न १९). १९६९पासून हा वॉशिंग्टनचा राज्यमासा आहे.

२. थंडीत कुडकुडत कशाला जायचं? उन्हाळ्यात मिळत नाही का?

मिळतो, पण तो वेगळा कळप. उन्हाळी स्टीलहेड साधारण मे ते ऑक्टोबर नदीत शिरतात आणि पुढच्या वसंतापर्यंत नदीतच थांबतात. हिवाळी स्टीलहेड नोव्हेंबर ते एप्रिल येतात, तेही जवळजवळ पिकलेल्या गाबोळीनिशी, आणि काही आठवड्यांत अंडी घालतात. पश्चिम उताराच्या आखूड, पावसावर चालणाऱ्या नद्यांत हिवाळी मासाच जास्त. त्यातही हॅचरीचे (माणसाने अंडी उबवून वाढवलेले) मासे लवकर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत; वाइल्ड (नदीतच जन्मलेले) मासे बहुतेक फेब्रुवारीनंतर. घरी न्यायला मासा हवा असेल (तो हॅचरीचाच असावा लागतो, प्रश्न ४) तर नाताळच्या आसपास जा.

३. लायसन्सचं काय? व्हिसावर असलो तरी मिळतं का?

मिळतं. राज्यात नव्वद दिवस राहून झाले असतील तर रहिवाशाच्या दराने, नाहीतर बाहेरच्याच्या दराने. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. लायसन्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे जानेवारीत घेतलेलं तीन महिन्यांत संपतं. याबद्दल दरवर्षी कुणीतरी माझ्यावरच चिडतं. स्टीलहेडसाठी सोबत कॅच रेकॉर्ड कार्डही लागतं आणि ठेवलेल्या माशाची नोंद तिथल्या तिथे, काठावरच करायची असते, गाडीत बसून नव्हे. आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांच्यासाठी एक ते तीन दिवसांचं लायसन्स घेता येतं.

४. हॅचरीचा मासा आणि वाइल्ड मासा ओळखायचा कसा?

पाठीवर मोठा पर असतो, त्याच्या मागे शेपटीच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढा, काटे नसलेला मांसल छोटा पर असतो. त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हॅचरीत पिल्लू असतानाच तो कापतात. मासा पाण्यात आडवा धरा, थंडीने बधिर झालेला अंगठा पाठीवरून शेपटीकडे सरकवा. मऊ झडप लागली तर वाइल्ड, तो सोडायचा, चर्चा नाही. तिथे गुळगुळीत, भरून आलेला वण लागला तर हॅचरीचा. वॉशिंग्टनमध्ये वाइल्ड स्टीलहेड राज्यभर सोडावाच लागतो. अर्धवट कापलेल्या पराचं काय, ते प्रश्न १५मध्ये.

५. नदी कधी गाठायची? मला शनिवारीच सुट्टी असते.

खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा. लोक रॉडपासून सुरुवात करतात आणि नदीच्या पातळीवर येऊन अडकतात. माझं मत विचाराल तर या खेळात साठ टक्के काम घरी बसून, आलेख बघून होतं.

फोर्क्स गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीसारखाच. फक्त तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो. लाटेमागून लाट येते. नदी चढते, दूध जास्त झालेल्या चहासारखी होते, झाडं वाहून आणते. त्या पाण्यात गळ टाकणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मग पाऊस थांबतो, पातळी उतरायला लागते, गढूळपणा खाली बसतो आणि पाण्याला हिरवट झाक येते. तिकडे याला ‘स्टीलहेड ग्रीन’च म्हणतात. माझी खूण सोपी आहे: गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. बुटाचा आकार दिसतो पण लेस दिसत नाही, तो दिवस तुमचा. बूटच दिसत नसेल तर घरी जा. लेशीची गाठ दिसत असेल तर पाणी फार निवळलंय, मासा बुजेल.

कारण असं की चढत्या पाण्यात मासे समुद्रातून वर सरकतात आणि उतरत्या पाण्यात जागा धरून थांबतात. म्हणून उतरता आलेख शोधायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मापक बऱ्याच नद्यांवर आहेत, आकडे दर पंधरा मिनिटांनी घेतले जातात आणि फोनवर दिसतात. ते घनफूट प्रति सेकंदात असतात. बिचकू नका, कोयनेतून विसर्ग सोडल्याच्या बातमीतला क्युसेक तो हाच. प्रत्येक नदीचा चांगला आकडा वेगळा. एक वही ठेवा: तारीख, क्युसेक, पाण्याचा रंग, काय झालं. तीन हिवाळ्यांत ती वही कुठल्याही रॉडपेक्षा मोलाची होते.

नद्यांचा स्वभावही वेगवेगळा. सोल डक लवकर निवळते. ‘हो’ (Hoh) नावाची नदी माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांतून येते, तिच्यात राखाडी पीठ कालवलेलं असतं, तिला जास्त दिवस लागतात. लहान नदी आधी निवळते, मोठी नंतर. त्यामुळे शनिवारी मोठी गढूळ असेल तर तिचा वरचा भाग किंवा उपनदी बघा. डोंगरात बर्फ कितव्या उंचीपर्यंत पडणार आहे तेही बघा: बर्फ खाली उतरला की पाऊस डोंगरावर गोठतो आणि नदी उतरते. हवाईकडून ऊबदार पाऊस आला, ज्याला ‘पाइनॅपल एक्सप्रेस’ म्हणतात, की साठलेलं बर्फही वितळतं आणि पूर येतो. तो आठवडा चिवडा खाऊन काढा.

६. एवढ्या मोठ्या नदीत मासा असतो कुठे?

थंड पाण्यातला मासा आळशी असतो. पाणी चार-पाच अंश सेल्सिअसवर आलं की त्याला धारेशी झुंजायचं नसतं आणि आमिषामागे धावायचंही नसतं. त्याला हवं असतं माणसाच्या चालीने वाहणारं पाणी, कमरेपासून डोक्याइतकं खोल, खाली दगडगोटे, आणि लपायला गढूळपणा किंवा वर खळबळ. एखादी काडी पाण्यात टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. पळावं लागलं तर पाणी जोराचं. थांबावं लागलं तर मेलेलं.

तीन जागा आधी बघा. पहिली, जोराची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना चिकटतात ती शिवण. वर बुडबुड्यांची रेघ दिसते. दुसरी, डोहाची शेपटी, म्हणजे डोह संपून पुढच्या खळाळात पडण्याआधीचा उथळ होत जाणारा भाग. खळाळ चढून दमलेला मासा तिथे पहिला विसावतो. तिसरी, बुडालेल्या मोठ्या दगडाच्या पुढची आणि मागची संथ पाण्याची गादी.

पाणी चढलेलं असेल तर मासे काठाला येतात, अगदी दोन-तीन हातांवर. आणि आपण काय करतो, पोचल्या पोचल्या मांडीभर पाण्यात जाऊन उभे राहतो, म्हणजे माशाच्या बिछान्यात. म्हणून पहिली फेक नेहमी पायाशी, बूट कोरडे असताना. पाणी उतरून काचेसारखं झालं असेल तर उलट: डोहाच्या तोंडाशी, जिथे वरचा पृष्ठभाग फुटलेला असतो, तिथे. भडक रंग सोडून लहान, फिकं आमिष आणि बारीक दोरा.

७. रॉड कोणता घेऊ? बजेट सांगू का?

नको. साडेआठ ते साडेदहा फुटांचा, आठ ते बारा पौंड दोऱ्याचा, टोकाला लवचिक आणि बुडाला दणकट असा स्पिनिंग रॉड आणि त्याला साजेसं ३००० किंवा ४००० आकाराचं रीळ. फ्लोटने (पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाने) गरवायचं असेल तर लांब, स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) फेकायचा असेल तर आखूड. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सुटू देणारा ब्रेक, मात्र बघून घ्या. झटके देत सुटणारा ड्रॅग असेल तर मासा पहिल्या धावेतच दोरा तोडतो. उरलेल्या पैशांचे चांगले बूट घ्या.

८. नवख्याने कशाने सुरुवात करावी?

फ्लोट आणि जिग (शिशाच्या डोक्याचा, पिसं बांधलेला गळ). चिपळुणात आम्ही एरंडाच्या काडीचा बोया करायचो, तेच तत्त्व. रिळावर तीस पौंडांचा विणीचा दोरा. त्यावर गाठ मारून अडवलेला सरकता फ्लोट. खाली त्याला तोलेल एवढं शिसं, मग स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग हातभर दहा पौंडांचा साधा दोरा आणि टोकाला गुलाबी किंवा नारिंगी पिसांची तीन-चार ग्रॅमची जिग. जिगऐवजी रबरी गुलाबी गांडूळही चालतं. त्याचा स्टीलहेडवर एवढा परिणाम का होतो, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

खोली अशी लावायची की आमिष तळापासून वीतभर वर राहील. मासा वर येऊन घेतो, खाली वाकून सहसा नाही. आमिष अधूनमधून तळाला टेकून फ्लोट हलला तर खोली बरोबर; सारखं अडकलं तर वीतभर कमी करा. वरच्या अंगाला फेका, फ्लोट पाण्याच्या चालीने येऊ द्या आणि मधला दोरा पाण्यावर पोट धरायला लागला की रॉड उचलून तो वरच्या बाजूला टाका. दोऱ्याने फ्लोट ओढला की आमिष धारेपेक्षा वेगळं चालतं आणि माशाला लबाडी कळते. नव्याण्णव टक्के चुका इथेच होतात, रंगात नव्हे.

९. मग स्पून आणि स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) कशाला विकतात?

कारण तेही चालतात, आणि लांबट, सारख्या खोलीच्या पाण्यात फ्लोटपेक्षा जास्त जागा झाडून काढतात. बारा ते वीस ग्रॅमचा स्पून धारेला आडवा, थोडा खालच्या अंगाला फेकायचा, बुडू द्यायचा आणि ताठ दोऱ्यावर कमानीत काठाकडे येऊ द्यायचा. गुंडाळायचा नाही, किंवा अगदी नावाला. काठाशी आल्यावर तीन-चार सेकंद तसाच लटकू द्या. पाठलाग करत आलेला मासा बरेचदा तिथेच झडप घालतो. मग दोन पावलं खाली सरका आणि पुन्हा. एकाच जागी चाळीस फेकी टाकणारा माणूस व्यायाम करतो.

१०. सामनची गाबोळी लावली तर हमखास लागतो म्हणे?

लागतो, हमखास नाही. मीठ, साखर आणि बोरॅक्समध्ये मुरवलेली सामनची गाबोळी हे इथलं जुनं आमिष. माझ्या आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, तळायची सोडून पाण्यात टाकतोस?” पण अडचण कायद्याची आहे. मासा नैसर्गिक आमिष खोल गिळतो आणि सोडला तरी मरतो, म्हणून बऱ्याच नद्यांवर ते बंद आहे. ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या किनारी नद्यांवर २०२०च्या डिसेंबरात आमिषबंदी आली, होडीत बसून गळ टाकायलाही मनाई झाली आणि एकच, बिनकाट्याचा गळ सक्तीचा झाला. त्यानंतर तिथे दर हंगामाचे नियम वेगळे निघतात. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला की बिनकाट्याचा होतो. नख फिरवून बघा, अडकता कामा नये.

११. चावा कळतच नाही. फ्लोट बुडायची वाट बघत बसतो.

हिवाळ्यात फ्लोट धाडकन बुडेलच असं नाही. कधी तो नुसता थबकतो, जणू कुणी हाक मारली. कधी आडवा पडतो, कधी बाजूच्या फेसापेक्षा किंचित हळू चालतो. काहीही वेगळं दिसलं की रॉड उचला. दहातल्या नऊ वेळा दगड असेल. स्पूनवर मात्र उलटं: ठोका जाणवला की झटका देऊ नका, वजन भरू द्या आणि मग उचला.

१२. मासा लागला. आता?

पहिल्या धावेत दोरा जाऊ द्या. रॉड आकाशाकडे नको, काठाच्या बाजूला आडवा धरा. आडव्या ओढीने मासा लवकर वळतो. तो खाली खळाळात घुसायला निघाला तर तुम्हीही काठाने खाली चला. फार वेळ खेळवू नका, दमून गेलेला मासा सुटल्यावरही सावरत नाही. बिनगाठीची जाळी वापरा आणि संथ, गुडघाभर पाण्यात थांबवा. काठाच्या दगडांवर ओढू नका.

वाइल्ड निघाला तर तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढायचा नाही, वॉशिंग्टनमध्ये हा नियमच आहे. फोटो हवा तर मासा अर्धा पाण्यात, एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांखाली. कल्ल्यांत बोटं नकोत. कोरडे लोकरी हातमोजे काढा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग तोंड धारेकडे करून धरा. आधी तो तुमच्या हातात नुसता पडून असतो, कल्ले उघडझाप करतात, पाठीवरचे काळे ठिपके एकेक मोजता येतात. मग शेपटीचा स्नायू ताठ होतो. बोटं सैल करा. तो काय करायचं ते करतो.

गळ तोंडाबाहेर, पोटात किंवा शेपटीत अडकला असेल तर हॅचरीचा असला तरी सोडायचा.

१३. कपडे काय घालू? मला थंडी फार वाजते.

सुती काहीही नको, जीन्स तर अजिबात नको. आत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर हवा खेळणारे वेडर (पाण्यात उतरायचे, छातीपर्यंतचे जलरोधक कपडे) आणि चांगलं रेनकोट जाकीट. मोजे दोन जोड घातले आणि बूट आवळले तर पाय जास्त गारठतात, बुटात बोटं हलली पाहिजेत. शून्याखाली रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं. रॉडचं टोक पाण्यात बुचकळून हलवा, ठोकून काढू नका. थर्मासात आल्याचा चहा, खिशात शेंगदाण्याची चिक्की.

१४. पाण्यात किती खोल उतरायचं? मला पोहता येतं.

पाच अंशांच्या पाण्यात पोहता येण्याचा उपयोग फार थोडी मिनिटं असतो. हातपाय आधी दगा देतात. मांडीच्या वर जाऊ नका, जोराच्या धारेत गुडघ्याच्याही नाही. हातात काठी, पाय घासत, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. आणि खाली काय आहे ते उतरण्याआधी बघा: पुढे वाहून आलेल्या झाडांचा ढिगारा असेल तर तिथे उतरायचंच नाही, कारण पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस जात नाही.

हे मी शहाणपणाने नव्हे, अक्कलखाती शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात स्कायकोमिश नदीवर समोरच्या शिवणीपर्यंत फेक पोचेना म्हणून अजून एक पाऊल टाकलं. नारळाएवढा गोटा पायाखाली फिरला. पाणी मानेत शिरलं आणि श्वास आत ओढला गेला तो बाहेर येईना. पंधरा-वीस मीटर खाली गोट्यांच्या उथळावर लागलो. कमरेचा पट्टा आवळलेला होता म्हणून वेडरमध्ये पाणी कमी गेलं. वेडर भरले तर ते तुम्हाला तळाशी ओढत नाहीत, पण पाण्याबाहेर येताना ते सगळं वजन उचलून उभं राहणं अशक्य होतं. तेव्हा पट्टा आवळा, पडलात तर पाठीवर व्हा, पाय खालच्या धारेकडे ठेवा, आणि गाडीत कोरड्या कपड्यांची पिशवी असू द्या. एकटे जाणार असाल तर कुठे जाताय ते घरी सांगून जा. ऑलिंपिक द्वीपकल्पावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

१५. पर अर्धाच कापलाय, किंवा मासा लहान आहे. हा स्टीलहेड धरायचा का?

हॅचरीचा ठरायला कापलेल्या जागी भरून आलेला वण दिसला पाहिजे. वॉशिंग्टनच्या व्याख्येत ॲडिपोजऐवजी पोटाखालचा पर कापलेला असला तरी चालतो, वण मात्र हवाच. ताजी जखम किंवा फाटलेला पर म्हणजे कापलेला नव्हे. शंका आली की सोडा. लांबीचं म्हणाल तर वीस इंचांपेक्षा मोठा रेनबो तो स्टीलहेड धरला जातो. चौदा इंची रेनबो लागला तर त्याला त्या नदीचे ट्राउटचे नियम लागू, ते वेगळे वाचावे लागतात.

१६. ऑलिंपिक नॅशनल पार्कात लायसन्स लागत नाही असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. पार्कच्या हद्दीत नदीवर गरवायला राज्याचं लायसन्स लागत नाही, पण स्टीलहेड किंवा सामनसाठी राज्याचं कॅच रेकॉर्ड कार्ड लागतं आणि पार्कचे स्वतःचे नियम असतात. एकच नदी पार्कात, पार्काबाहेर आणि आदिवासी राखीव क्षेत्रात अशी तीन वेगवेगळ्या हद्दींतून वाहते. हद्द कुठे ओलांडली ते फोनचा नकाशा आधी उतरवून ठेवल्याशिवाय कळत नाही. क्विनॉल्ट राखीव क्षेत्रात तर त्यांच्या जमातीचा वाटाड्या सोबत असल्याशिवाय नदीवर गरवताच येत नाही.

१७. आम्हाला एवढे नियम, आणि आदिवासी जाळी लावतात. हे कसं?

हा प्रश्न जरा घुश्शात येतो, म्हणून सविस्तर. १८५०च्या दशकात इथल्या जमातींनी जवळजवळ सगळी जमीन अमेरिकेच्या सरकारला दिली आणि करारात नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. तो त्यांना कुणी दिलेला नाही, त्यांनी राखलेला आहे. पुढे शंभर वर्षं राज्याने तो मोडून पाहिला, जाळी कापली, माणसं तुरुंगात घातली. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा करारातल्या जमातींचा, आणि १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला. आज जमाती राज्याच्या बरोबरीने मासे मोजतात, हॅचऱ्या चालवतात. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात काढली गेली, त्यामागे लोअर एल्व्हा क्लालम जमातीचा कित्येक वर्षांचा रेटा होता. जाळीजवळ गरवू नका, जाळीला हात लावू नका, आणि माणूस भेटला तर नमस्कार करा. नदीबद्दल त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा खूप जास्त माहीत असतं.

१८. मी क्लीव्हलंडला आहे, भाऊ टोरांटोला. आमच्याकडे हे लागू पडतं का?

पाणी वाचणं आणि फ्लोट चालवणं जसंच्या तसं. बाकी बरंच वेगळं. पंचमहासरोवरांतले स्टीलहेड मूळचे तिथले नव्हेत. १८७६मध्ये कॅलिफोर्नियातून आणलेले रेनबो मिशिगनच्या ओ सेबल नदीत सोडले, तिथून सुरुवात. ते समुद्राऐवजी सरोवरात मोठे होतात. पश्चिमेकडचे कट्टर लोक त्यांना स्टीलहेड मानत नाहीत. मासा तुमचा दोरा तोडतो तेव्हा हा वाद आठवत नाही. क्लीव्हलंडहून रॉकी, शग्रिन, ग्रँड या नद्या जवळ, त्या पट्ट्याला ‘स्टीलहेड ॲली’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये पुलास्कीची सामन नदी प्रसिद्ध. तिकडे थंडी जास्त कडक, नदीवर बर्फाच्या लाद्या येतात. काठाच्या बर्फावर उभं राहू नका, तो खालून पोकळ असतो. दुपारी पाणी एखादा अंशाने तापतं तेव्हा जा, पहाटेची घाई नको. ओहायोत आणि ओंटारियोत नियम पूर्ण वेगळे, वरचे प्रश्न ३, ४ आणि १५ तिथे लावू नका.

१९. मासा हडकुळा आणि काळपट निघाला. आजारी होता का?

बहुधा अंडी घालून परत निघालेला होता. त्याला केल्ट म्हणतात. डोकं मोठं, पोट आत गेलेलं, शेपटी झिजलेली. तो भुकेला असतो म्हणून पटकन लागतो. हॅचरीचा असला तरी न्यायला अर्थ नाही, मांस पाणचट असतं. वाइल्ड असेल तर जास्तच जपून सोडा. तो समुद्रात पोचला तर पुन्हा येऊ शकतो.

२०. पाच वेळा गेलो, एकदाही नाही. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. इथे याला हजार फेकींचा मासा म्हणतात. मला पहिला मासा दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी लागला. तरी तीन गोष्टी तपासा: नदी उतरती होती का (प्रश्न ५), फ्लोट मोकळा वाहत होता का (प्रश्न ८), आणि एका जागी किती वेळ उभे होतात. डिसेंबरात हॅचरीजवळचं पाणी निवडा, टोकुल क्रीक किंवा स्कायकोमिशवर रायटर पाँड्स. गर्दी असते, खांद्याला खांदा. पण लोकांना मासा लागताना बघायला मिळतं आणि त्यातून शिकता येतं. आधीपासून उभ्या असलेल्या माणसाच्या खालच्या अंगाला घुसू नका, वरच्या अंगाला विचारून उभे राहा.

२१. आख्खी नदीच बंद झाल्याचं कळलं. हंगाम तर चालू आहे!

मासे अपेक्षेपेक्षा कमी आले, किंवा हॅचरीला अंड्यांपुरते मासे मिळाले नाहीत, की विभाग तातडीचा आदेश काढतो. दोन दिवस आधीही निघतो. पुजेट साउंडचे स्टीलहेड २००७पासून संकटग्रस्त यादीत आहेत, त्यामुळे तिथे हात आखडताच असतो. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा. फोर्क्सपर्यंत चार तास गाडी हाकून पाटी वाचलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

२२. हॅचरीचा मासा मिळाला. आता घरी कसा करायचा?

काठावरच डोक्यात ठोका, कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्या, पोट साफ करा आणि बर्फात ठेवा. एवढं केलं नाही तर पुढचा मसाला फुकट. चंदेरी, नुकत्याच आलेल्या माशाचं मांस नारिंगी आणि तेलकट असतं. त्याच्या आडव्या, दोन बोटं जाडीच्या तुकड्या करा, कातडी ठेवा. आगळ, हळद, तिखट, मीठ आणि आलं-लसूण लावून वीस मिनिटं, मग रव्यात घोळवून बिडाच्या तव्यावर कातडीची बाजू आधी. तेल कमीच घाला, मासा स्वतःचं सोडतो. लालसर पट्टा पडलेल्या, रंग चढलेल्या माशाचं मांस फिकं असतं. त्याचं तिरफळ घालून कालवण करा. मादी असेल तर गाबोळी आधी बघा. नदीवर नैसर्गिक आमिषाला बंदी असेल तर ती तळायला कुणाचीच हरकत नाही, माझ्या आईची तर नाहीच.